महाराष्ट्रातल्या मेडिकलवाल्यांस अनावृत पत्र

महाराष्ट्रातील समस्त औषध विक्रेते बंधु-भगिनींस,



हे पत्र आरोग्यमंत्र्यांना लिही, नाहीतर डॉक्टरांना लिही, असं आमच्या घरच्यांचं म्हणणं पडलं. पण मंत्र्यांकडे निवेदनांचे गठ्ठे जातात आणि डॉक्टरांना सल्ले देणारे पुष्कळ आहेत. तुम्हाला कोणी लिहीत नाही. लोक चिठ्ठी सरकवतात, पैसे देतात, पिशवी उचलतात आणि चालू लागतात. मीही गेली वीसेक वर्षं तेच करते आहे. माझे मानसोपचारतज्ज्ञ सांगलीला असतात. तीन महिन्यांतून एकदा त्यांच्याकडे जाते. बाहेर बाकडी भरलेली, आत दहा मिनिटं. तुम्ही मात्र मला दर महिन्याला बघता. मी बरी असताना बघता, नसताना बघता, आणि मी यायची बंद झाले तर तेही सगळ्यांत आधी तुमच्याच लक्षात येऊ शकतं. एवढं असून माझ्या आजाराबद्दल तुम्ही आणि मी एक अक्षर कधी बोललो नाही.

मला बायपोलर डिसऑर्डर आहे. अलीकडे मालिकांमधून हा शब्द कोणावरही फेकतात. सकाळी हसून संध्याकाळी चिडला की झाला बायपोलर. तसं ते नसतं. हा आजार तासातासाला बदलत नाही, तो झटक्यांनी येतो आणि एकेक झटका आठवडे, कधी महिने चालतो. एका बाजूला उन्माद, दुसऱ्या बाजूला नैराश्य, आणि मधे बरे दिवस. मधले बरे दिवस कधी वर्षं-वर्षं टिकतात, कधी नाही.

माझ्याकडे तो आला धाकट्या बहिणीच्या लग्नातल्या जागरणांच्या पाठोपाठ. लग्न उरकलं, पाहुणे पांगले, घर गाढ झोपलं. माझी झोप काही परत आली नाही. गंमत म्हणजे थकवाही नाही. दोन तास डोळा लागायचा आणि अंगात दहा माणसांचं बळ घेऊन उठायची. बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज काढायचं माझ्या डोक्यात आलं. आमच्या वडिलांची एक गुंठा द्राक्षबाग नव्हती. तरी पहाटेच्या एसटीने मी तासगाव गाठलं आणि सौद्याला आलेल्या व्यापाऱ्यांशी इतक्या सफाईने बोलले, की त्यांतले दोघे पुढच्या आठवड्यात भागीदारीचं ठरवायला आमच्या दारात हजर. आईने त्यांना चहा दिला आणि आत येऊन तोंडाला पदर लावला. उन्मादात माणूस बरळतो असा सगळ्यांचा समज. बरळणं पुढे येतं. आधी तो पटवून देतो, आणि भल्याभल्यांना पटतं.

पावसाळा संपता संपता दुसरी बाजू आली. मी तेव्हा एका पतपेढीत कॅशला होते. शंभराच्या नोटांचं बंडल मोजताना चाळिशीच्या आसपास आकडा निसटायचा. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चाळिशी, पुन्हा निसटला. समोर रांग, रांगेत ओळखीची माणसं. दुःख म्हणावं असं काही जाणवत नव्हतं. डोकं ओल्या वाळूत रुतल्यासारखं झालं होतं. केस धुवायचे या एका कामासाठी सकाळपासून मन तयार करायचं आणि संध्याकाळी ते काम उद्यावर टाकायचं. लोक विचारतात, त्या वेळी काय वाटतं. काहीच वाटत नाही, हीच तर पंचाईत असते.

या दोन्हींपैकी जास्त काळ कोण खातं, याचं उत्तर मला पुढे वाचनात मिळालं. अमेरिकेत उन्मादाचे मोठे झटके येणाऱ्या १४६ रुग्णांचा सरासरी जवळजवळ १३ वर्षं, आठवड्या-आठवड्याने मागोवा घेतला गेला. २००२ साली तो अभ्यास छापून आला. जवळपास निम्मे आठवडे माणसं काही ना काही लक्षणं घेऊन जगत होती, आणि त्यातला मोठा वाटा नैराश्याचा होता, उन्मादाच्या तिपटीहून अधिक. उन्मादाची गावभर चर्चा होते. नैराश्य मुकाट घरात पडून असतं. आमच्याकडचं चित्र काय? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार बायपोलरच्या दर दहांतल्या सुमारे सात रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नाहीत. आणि हे सर्वेक्षण झालं ते १२ राज्यांत. त्यांत महाराष्ट्र नव्हता. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी अशी चार मनोरुग्णालयं सांभाळणाऱ्या राज्याचा त्या आकड्यांत एकही माणूस नाही. असो. तो विषय मंत्र्यांच्या पत्रात.

दहांतल्या उरलेल्या तीन रुग्णांचं काय होतं, ते मात्र तुमच्या दुकानात ठरतं. म्हणून हे पत्र.

माझी मुख्य गोळी लिथियम. तुमच्या रॅकवर ती बहुतेक खालच्या कप्प्यात असते, कारण खप कमी. पण या गोळीचं कूळ फार जुनं आणि साधं आहे. लिथियम हे मीठच. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरने उन्मादाच्या दहा रुग्णांना ते दिलं आणि वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेली माणसं शांत होऊ लागली. त्याच सुमारास अमेरिकेत हृदयाच्या रुग्णांना साध्या मिठाऐवजी लिथियमचं मीठ वापरायला देत होते. किती घ्यायचं याला धरबंध नव्हता, माणसं दगावली आणि ते मीठ बाजारातून उठलं. तिथे औषध म्हणून मान्यता मिळायला १९७० उजाडलं. केडचे रुग्ण आणि मिठाचे बळी, या दोन गोष्टी एकाच वर्षातल्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. लिथियम तारतं आणि लिथियम मारतं, मधे जागा अगदी चिंचोळी. रक्तात साधारण ०.६ ते १.० एवढं हवं. दीडच्या पुढे गेलं की विषबाधा सुरू होते. म्हणून दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं, तेही रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सोबत मूत्रपिंड आणि थायरॉइड.

आता तुमच्या कामाचा मुद्दा. मूत्रपिंडाला लिथियम आणि मीठ यांतला फरक फारसा कळत नाही. शरीरातलं मीठ किंवा पाणी कमी झालं की ते मीठ धरून ठेवायला लागतं आणि त्याबरोबर लिथियमही धरून ठेवतं. जुलाब लागले, वैशाखात उन्हातान्हात फिरणं झालं, हरतालिकेचा निर्जळी उपवास धरला, कोणी अळणी उपवास सांगितला, आषाढीला वारीत चालत निघालं, की गोळी तेवढीच असून रक्तातलं लिथियम चढतं. आमच्या डॉक्टरांनी मला मिठाबद्दल एकच सांगितलंय: कमी नको, जास्त नको, रोज सारखं. आणि लिथियम चढवण्याचं हेच काम अंगदुखीच्या गोळ्याही करतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणि त्यांची बहुतेक भावंडं लिथियमला बाहेर पडू देत नाहीत.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या नात्यातलं लग्न परगावी होतं. कंबर धरली होती. मांडवाजवळच्या मेडिकलमधून माझ्या पुतण्याने अंगदुखीची पुडी आणली. तुम्हाला ठाऊक आहेच ती, तीन सुट्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. काउंटरवरच्या मुलाने, दुसरी कसली गोळी चालू आहे का, हे विचारलं नाही आणि पुतण्याला सांगायचं सुचायचं कारण नव्हतं. तिसऱ्या दिवशी हात असे थरथरायला लागले की कप बशीत नीट बसेना. मग उलट्या, मग जीभ जड. नातेवाइकांत दोन तट पडले, एक उन्हाचा आणि एक लकव्याचा. सुदैवाने तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचल्यावर नवऱ्याने पहिलं वाक्य लिथियमचं उच्चारलं. सलाईन लागलं, गोळ्या थांबल्या, रक्ताचा रिपोर्ट आला, १.८. मी वाचले. मूत्रपिंड पहिल्यासारखं राहिलं नाही.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला हे कोणी शिकवलं होतं? पण माझ्या जागी एखादा पुरुष असता, झोकांड्या खात, जड जिभेने बोलत, तर त्याला दारू प्यालाय म्हणून मांडवाबाहेर काढलं असतं, हे तुम्हीही कबूल कराल.

तेव्हा एवढं करा. लिथियमची चिठ्ठी हातात आली की गिऱ्हाइकाला सांगा: अंगदुखीचं औषध मनाने घेऊ नका, ताप-डोकेदुखीला पॅरासिटामॉल चालतं. आणि अंगदुखीची गोळी देताना विचारा, मानसिक आजाराची किंवा बीपीची गोळी चालू आहे का. बीपीचं मुद्दाम लिहिते आहे. चाळिशी-पन्नाशीत आम्हालाही बीपी होतो आणि आमचे बीपीचे डॉक्टर वेगळे, मानसोपचारवाले वेगळे. दोघांची गाठ फक्त तुमच्या काउंटरवर पडते. टेल्मीसार्टन, आणि त्यातही त्याच्या नावापुढे ‘एच’ लावून येणारी गोळी, म्हणजे त्यात लघवी वाढवणारं औषध घातलेली, लिथियमला चढवते. दोन चिठ्ठ्या दोन डॉक्टरांच्या, पण गिऱ्हाईक एकच. दोन्ही औषधं एका पिशवीत भरताना हात क्षणभर थांबला तर बरं. गोळी अडवू नका. डॉक्टरांना एक फोन करा नाहीतर आम्हाला करायला लावा.

‘शॉर्ट आहे.’ तुमच्या धंद्यातले हे दोन शब्द आम्हाला फार महाग पडतात. लिथियम अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. त्याच्या भावावर सरकारचं बंधन आहे आणि त्यावर तुम्हाला मिळणारं मार्जिन २०१३ च्या आदेशानुसार १६ टक्के. स्वस्त गोळीचे सोळा टक्के म्हणजे किती, हे पतपेढीत आयुष्य काढलेल्या बाईला तुम्ही सांगायला नको. त्यापेक्षा प्रोटीन पावडरचा एक डबा परवडतो, आणि तो पुढच्या कप्प्यात दिसतोही. सिव्हिल हॉस्पिटलात लिथियमची गोळी फुकट मिळते, असली तर. संपली की बाहेरची चिठ्ठी हातात पडते आणि माणूस मिरजेपासून इस्लामपूरपर्यंत दुकानं पालथी घालतो. हे सगळे माझ्यासारखे पगारी नसतात. एसटीच्या भाड्यात गोळीची किंमत निघून जाते, मग तो म्हणतो, चार दिवस नसली घेतली तर काय बिघडतं.

बिघडतं. लिथियम एकाएकी बंद पडलं तर उन्माद उलटून येण्याची शक्यता वाढते, आणि काही जणांत तो पूर्वीपेक्षा जोरात येतो. आत्महत्येचा धोका कमी करणारी जी थोडी औषधं आहेत त्यांत या गोळीचं नाव वर आहे, तेही संरक्षण जातं. शुगरच्या गोळीचा खाडा झाला तर तुम्ही स्वतः गिऱ्हाइकाला रागावता. या गोळीसाठीही रागवा की.

आणि ‘तेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ हे लिथियमच्या बाबतीत प्रत्येक वेळी खरं नसतं. काही गोळ्या हळूहळू विरघळणाऱ्या असतात, काही साध्या. साधी बहुतेकदा तीनशेची, हळू विरघळणारी बहुतेकदा चारशेची. त्यांची अदलाबदल परभारे केली की महिनाभराने रिपोर्ट वेडावाकडा येतो आणि डॉक्टर मला विचारतात, गोळी चुकवली होतीस का. कंपनी बदलायचीच वेळ आली तर तसं सांगा, पाकिटावर पेनाने लिहा. बाकी मी बघते.

उन्मादातला रुग्ण तुमच्याकडे फिरकत नाही, हेही सांगून ठेवते. त्याला बरं वाटत असतं, बरं कसलं, उत्तम वाटत असतं; ज्याला आयुष्यात इतकं छान कधी वाटलं नाही त्याने गोळी कशाला घ्यायची? या आजारातली गोळी बहुतेकदा सुखाच्या दिवसांत सुटते. दहा तारखेच्या आत येणारं गिऱ्हाईक वीस तारीख उलटली तरी आलं नाही, ही तुमच्या वहीत कोणाही डॉक्टरच्या आधी दिसणारी खूण आहे. तुमच्याकडे मोबाईल आहे, आमचा नंबर तुमच्या बिलावर आहे. ‘ताई, गोळ्या तयार ठेवल्यात’ एवढा निरोप पुरे. माझ्या एका ओळखीच्या गावात एक मेडिकलवाले तसं करतात. धंदा म्हणून करतात, असं ते स्वतःच म्हणतात, आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही.

नेहमीचं गिऱ्हाईक झोपेची गोळी मागायला आलं तर तुम्ही चिठ्ठी मागता. बरोबरच आहे, त्यांतल्या कित्येक गोळ्यांना ‘एच वन’ रजिस्टर लागतं. पण एक प्रश्न जास्तीचा विचारा. झोप येत नाही म्हणून दिवसभर मेल्यासारखं होतं, की झोप येत नाही आणि तरी अंगात जोर आहे? पहिला माणूस थकलेला आहे. दुसरा कदाचित चढणीला लागलेला आहे. त्याच्या घरच्यांना आजच्या आज डॉक्टर गाठायला सांगा. तसंच नैराश्याच्या गोळ्यांचं. कोणाला कधी तरी नैराश्यासाठी लिहून दिलेली गोळी तो जुन्याच चिठ्ठीवर नेत राहतो. मुळात तो बायपोलर असेल आणि सोबत मूड स्थिर ठेवणारं औषध नसेल, तर तीच गोळी त्याला उन्मादात ढकलू शकते. स्टेरॉइडनेही काही जणांत हे होतं, आणि अंगदुखीच्या त्या पुडीत तिसरी गोळी कधी कधी कसली असते, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

मुलींबद्दल सांगायचं राहू नये. लिथियम सोसत नाही अशा पुष्कळ जणांना सोडियम व्हॅल्प्रोएट देतात, फिट्सवरही तेच. चांगलं औषध आहे. पण गरोदरपणात ते चालू राहिलं तर दहांतल्या साधारण एका बाळात मोठं व्यंग राहण्याचा धोका असतो, पाठीच्या कण्याचा विशेष, आणि बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो. मुलगी एकविसाव्या वर्षी तुमच्याकडून ही गोळी नेऊ लागते. तेविसाव्या वर्षी तिचं लग्न होतं. गोळीबद्दल सासरी सांगितलेलं नसतं, म्हणून चिठ्ठी बदलायला डॉक्टरांकडे जाणं होत नाही. माहेरचा भाऊ जुन्या चिठ्ठीवर गोळ्या नेऊन गुपचूप पोहोचवतो. या साखळीत खरं काय चाललंय ते माहीत असलेला घराबाहेरचा माणूस एकच, तुम्ही. त्या भावाला बाजूला घेऊन सांगा, की दिवस राहायच्या आधी डॉक्टरांना भेटलंच पाहिजे, आणि घाबरून गोळी परस्पर बंद करायची नाही. एवढ्याने एका घराचं आयुष्य बदलतं.

लग्नाचा विषय निघाला म्हणून. पेठेत स्थळाची चौकशी करायची जागा पूर्वी किराणा दुकान असायची, आता मेडिकल आहे. मुलीकडचे-मुलाकडचे येतात, साधी क्रोसिन घेतात आणि सहज विचारल्यासारखं विचारतात, अमक्याच्या घरी कोण आजारी असतं का हो? मला माहीत आहे, तुमच्यातले बहुतेक जण ‘आम्हाला काय कल्पना’ म्हणून गोड बोलून वाटेला लावतात. सगळे लावत नाहीत. माणसाच्या मानसिक आजाराची आणि उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क त्याला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिला आहे, कलम २३. लग्नाआधी सांगायचं की नाही, याबद्दल माझं मत विचाराल तर सांगावं. मी सांगितलं होतं, दोन स्थळं मोडली आणि तिसरं हे माझं घर. पण सांगायचं ते आम्ही. तुमच्या काउंटरवरून ते कळता कामा नये.

आणि आवाज, कृपा करून आवाज. ‘अरे, ती डोक्याची गोळी कुणाची होती रे?’ अशी हाक एकदा भर बाजाराच्या दिवशी माझ्या पाठीमागे पडली. मागे माझ्याच पतपेढीचे दोन खातेदार उभे. शुगरची गोळी, बीपीची गोळी ओरडून मागितली तर कोणी मान वळवत नाही. या गोळीला वळवतात. पाकिटावरचं नाव बोटाने दाखवा, चिठ्ठीवर टिक करा, हळू बोला, काहीही चालेल. त्या हाकेनंतर मी ते दुकान सोडलं आणि दोन गावं पलीकडून गोळ्या आणू लागले. पावसात रस्ता बंद झाला की माझा खाडा पडायचा.

आता थोडं टोचेल असं. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार औषध द्यायचं ते नोंदणीकृत फार्मासिस्टने. २०१५ च्या नियमांत तर रुग्णाला औषध समजावून सांगणं हेही त्याचं काम म्हणून लिहिलं आहे. भिंतीवर फ्रेममध्ये ते सर्टिफिकेट असतं, फोटोसकट. काही दुकानांत त्या फोटोतला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. काउंटरवर असतो तो बारावी झालेला, चलाख, भराभर हिशेब करणारा मुलगा, आणि त्याला गोळी ओळखता येते ती पाकिटाच्या रंगावरून. तुमचीही अडचण मला समजते. ऑनलाइनवाले वीस टक्के सूट देतात, भाडं वाढतंय, पगारी फार्मासिस्ट टिकत नाही. पण ऑनलाइनवाल्याला माझं तोंड दिसत नाही. तुम्हाला दिसतं. तुमच्या दुकानात जर मला कोणी काही विचारणारच नसेल, तर मी घरी बसून सूट का घेऊ नये, याचं उत्तर तुमच्या संघटनांनी शोधावं. जिल्हा संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात जीएसटीवर भाषणं होतात. एक तास एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला बोलवा, आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर आमच्यातल्या कोणालातरी बसवा. मी येईन. बोलायला मला आवडतं, आणि काळजी नको, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर बोलणार नाही.

तोवर एक काम बिनखर्चाचं आहे. तुमच्या काउंटरवर पैसे देण्यासाठी क्यूआर कोडचा स्टँड असतो; त्याच्याकडे प्रत्येक गिऱ्हाईक टक लावून बघतंच. त्याच्या खाली एक चिकटपट्टी लावा: टेलि-मानस, १४४१६. सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, २०२२ पासून चालू, मराठीत बोलता येतं, रात्रीही. घरात कोणी तीन रात्री झोपलेलं नाही आणि भराभर बोलतंय, किंवा कोणी उठतच नाही आणि जगून काय करायचं म्हणतंय, अशा घरातल्या माणसाला रात्री अकरा वाजता उघडं दिसतं ते तुमचंच दुकान.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक नियमित गिऱ्हाईक,
सांगली जिल्हा

ता. क. : लिथियमच्या अर्ध्याच गोळ्या हव्या असल्या की तुम्ही कात्रीने स्ट्रिप कापून देता. हरकत नाही. फक्त नाव आणि एक्सपायरी छापलेला तुकडा दर वेळी तुमच्याकडे राहतो आणि माझ्या हाती नुसता चंदेरी कागद येतो. उद्या मी बोलायच्या स्थितीत नसले आणि घरच्यांनी तो तुकडा दवाखान्यात नेऊन दाखवला, तर डॉक्टरांनी काय वाचायचं? कात्री दुसऱ्या टोकाने चालवा. नाहीतर पूर्ण स्ट्रिप द्या, राहिलेल्या गोळ्या पुढच्या महिन्यात धरू.